ध्रुवीय संशोधनाचे अग्रक्रम ठरवताना: प्रश्न गोळा करण्यापासून बोटीवरच्या बंकपर्यंत

हिमरेषा (धागाकर्ता)

२०३२-३३ साली पाचवं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष आहे. पहिलं १८८२-८३चं, बारा देशांचं. दुसरं १९३२-३३चं. १९५७-५८चं भूभौतिकी वर्ष तिसरं धरतात. चौथं २००७-०८चं, ते दोन्ही ध्रुवांवर अख्खं ऋतुचक्र सापडावं म्हणून मार्च २००७ ते मार्च २००९ असं चाललं. पाचव्याची आखणी उत्तरेकडून आयएएससी (आंतरराष्ट्रीय आर्क्टिक विज्ञान समिती) आणि दक्षिणेकडून स्कार (अंटार्क्टिक संशोधनाची वैज्ञानिक समिती) या दोन समित्या करताहेत. तेव्हा पुढच्या काही वर्षांत 'संशोधकांनी आपापले अग्रक्रम कळवावेत' अशी आवाहनं येत राहणार.

अशा आवाहनाला आपल्याकडून जाणारं उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: चालू प्रकल्पाचं शीर्षक जसंच्या तसं चिकटवायचं आणि खाली 'या विषयाला निधी मिळावा' असं लिहायचं. ते पहिल्याच चाळणीत गळतं. का गळतं हे समजायचं तर चाळणी कशी चालते ते बघायला हवं. त्यासाठी हा धागा.

सगळ्यात नीट नोंदवलेलं उदाहरण स्कारच्या 'होरायझन स्कॅन'चं, म्हणजे पुढच्या काळातले महत्त्वाचे प्रश्न हेरण्याच्या उपक्रमाचं. एप्रिल २०१४, क्वीन्सटाउन, न्यूझीलंड. २२ देशांतले ७५ शास्त्रज्ञ आणि धोरणकर्ते तिथे बसले. पण खरं काम त्याआधीच झालं होतं. जगभरच्या संशोधकांकडून ऑनलाइन प्रश्न मागवले होते आणि आठशेहून अधिक आले. कोणाला बोलवायचं यासाठीही नामांकनं मागवली होती. विषय, देश, वय आणि स्त्री-पुरुष यांचा तोल बघून निवड झाली. आलेल्या प्रश्नांवर आधी दुरूनच मतं नोंदवून घेतली, मग प्रत्यक्ष चर्चा, पुनर्लेखन, मतदान, पुन्हा पुनर्लेखन. शेवटी उरले ८० प्रश्न. आठशेचे ऐंशी, म्हणजे दहातला एक.

'विषय सांगा' असं कोणी विचारलं नव्हतं. 'प्रश्न सांगा' असं विचारलं होतं. सगळी गोम तिथे आहे. 'हिमनद्या' हा विषय झाला, त्याच्याशी कोण भांडणार? प्रश्न आला की भांडता येतं, तोलता येतं, उत्तर मिळालं की नाही हेही दहा वर्षांनी तपासता येतं.

---

शंकेखोर

धागा उत्तम. पण दोन शंका. एक, कुठे सहा अग्रक्रम लिहिलेले दिसतात, कुठे सात. नक्की किती? दोन, हे सगळं झाल्यावर पैसे देणारे आपल्याच मनाने देतात ना? मग एवढा खटाटोप कशाला?

---

हिमरेषा

पहिली शंका सोपी. ८० प्रश्नांची वर्गवारी सात गटांत केली होती: वातावरण आणि त्याचे जगाशी दुवे, दक्षिण महासागर व समुद्रबर्फ, हिमचादर आणि समुद्रपातळी, भूकवचाच्या हालचाली, जीवसृष्टी, अवकाश, आणि माणसाचा वावर. ऑगस्ट २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये जे टिपण आलं त्यात धोरणकर्त्यांसाठी सहा अग्रक्रमांची मांडणी होती. दोन्ही बरोबर, वाचक वेगळे.

दुसऱ्या शंकेचं उत्तर 'कधी हो, कधी नाही'. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१५ साली एनएसएफसाठी, म्हणजे संशोधनाला निधी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेसाठी, अंटार्क्टिक संशोधनाचा आराखडा केला. त्याआधी देशभर बैठका घेऊन संशोधकांची मतं गोळा केली होती. पानंपानं भरून यादी देण्याऐवजी त्यांनी तीनच मोठे विषय निवडले: समुद्रपातळी किती आणि किती वेगाने वाढेल, अंटार्क्टिकातले जीव जनुकीय पातळीवर कसे जुळवून घेतात, आणि विश्वाची सुरुवात कशी झाली.

पहिल्यातून पुढे थ्वेट्स हिमनदीचा अमेरिका-ब्रिटन संयुक्त प्रकल्प उभा राहिला, २०१८ साली. ही हिमनदी जवळजवळ ग्रेट ब्रिटनएवढी, समुद्राकडचं तोंड सुमारे १२० किमी रुंद, आणि पूर्ण वितळली तर जगाची समुद्रपातळी ६५ सेंमीच्या आसपास वाढेल. म्हणजे मत नोंदवण्यापासून बर्फावर तंबू पडेपर्यंत तीन-चार वर्षं.

तिसऱ्याची गत वेगळी झाली. विश्वाचं पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेला प्रकाश, मोजायला दक्षिण ध्रुवावर सीएमबी-एस४ नावाच्या दुर्बिणी उभ्या करायच्या होत्या. शास्त्रज्ञांच्या प्रत्येक यादीत त्यांचं स्थान वर होतं. पण मे २०२४ मध्ये एनएसएफने प्रकल्प पुढच्या टप्प्यात न्यायला नकार दिला. कारण वैज्ञानिक नव्हतं. ध्रुवावरच्या तळाचीच डागडुजी आणि नूतनीकरण इतकं थकलं होतं की नवीन बांधकाम पेलणारं नव्हतं.

---

सडेकर

सीएमबी-एस४चं उदाहरण काढलंत ते बरं झालं. अग्रक्रम ठरवणाऱ्या खोलीत बोट, विमान, इंधन बघणारा माणूस नसेल तर असंच होतं. स्कारला हे उमगलं होतं. म्हणून ऐंशी प्रश्न तयार झाल्यावर कॉमनॅपने, म्हणजे अंटार्क्टिक मोहिमा चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थांच्या परिषदेने, ऑगस्ट २०१५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला वेगळी बैठक घेतली. तिथे प्रश्न होता तो फक्त 'हे ऐंशी प्रश्न सोडवायला काय लागेल' एवढाच: कुठलं तंत्रज्ञान, कुठपर्यंत पोचायचं, कुठल्या ऋतूत, किती खर्च, कोणाशी भागीदारी.

ऐंशीतला एक प्रश्न बर्फाखालच्या आणि सागरतळाच्या बारीक चढउतारांचा हिमचादरीवर काय परिणाम होतो असा आहे. वाचायला एक ओळ. तिचं भाषांतर करा: रडार लावलेलं विमान, त्याच्या उड्डाणाचे शेकडो तास, वाटेत इंधनाच्या पिंपांचे साठे, ते साठे आधीच्या उन्हाळ्यात नेऊन ठेवणं. म्हणजे उत्तर हवं त्याच्या किमान दोन हंगाम आधी पिंपं हलायला हवीत. माझं स्पष्ट मत: ही दुसरी बैठक वर्षभराने नको, त्याच आठवड्यात हवी. नाहीतर यादी तयार होते, तिचं कौतुक होतं, आणि ती न परवडणारी आहे हे नंतर कळतं.

आता आपल्याकडचं. एनसीपीओआर, म्हणजे आपल्या ध्रुवीय मोहिमा चालवणारं राष्ट्रीय केंद्र, गोव्यात वास्कोला हेडलँड सड्यावर आहे. प्रस्ताव मागवले जातात, तज्ज्ञसमिती छाननी करते, मंजूर प्रकल्प मोहिमेत बसवले जातात. इथे विज्ञानाच्या गुणांवर पास झालेला प्रकल्पही भूगोलावर नापास होऊ शकतो. कारण:

मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकातल्या आपल्या दोन तळांत सुमारे ३००० किमी अंतर. मैत्री किनाऱ्यापासून सुमारे १०० किमी आत, शिर्माकर ओअॅसिस या बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यात. सामान बर्फावरून साखळीगाड्यांच्या ताफ्याने ओढत न्यायचं. भारती लार्समन टेकड्यांत, पाण्याच्या कडेला. बोट एकाकडून दुसरीकडे जाते, तिला मध्ये समुद्रबर्फ जाऊ देईल तसं. तेव्हा 'दोन्ही तळांवर एकाच आठवड्यात नमुने' असं लिहिलेला प्रस्ताव कितीही हुशार असो, एका चमूने तो होणार नाही. दोन चमू दाखवा, किंवा स्वयंचलित उपकरण दाखवा.

---

शंकेखोर

म्हणजे प्रस्तावातच रसदीचे आकडे द्यायचे? नेमके कुठले?

---

सडेकर

कुठल्याही देशाच्या मोहिमेत हेच विचारतात, थोड्या फरकाने:

- किती माणसं, किती दिवस, उन्हाळी की हिवाळी मुक्काम. हिवाळी असेल तर उपकरण तळावरचा दुसरा माणूस चालवू शकेल का? शकत असेल तर तसं ठळक लिहा, त्यानेच प्रकल्प तरतो.
- खोक्यांची संख्या, एकूण वजन, आणि सगळ्यात मोठ्या खोक्याची लांबी-रुंदी-उंची. हे तिसरं लोक विसरतात. खोकं हेलिकॉप्टरच्या दारातून जात नसेल तर वजन काय चाटायचंय?
- धोकादायक माल: लिथियम बॅटऱ्या, फॉर्मॅलिन, अल्कोहोल, दाबाखालचा वायू. विमानाने जाणार असेल तर वेगळे नियम, बोटीने वेगळे.
- हेलिकॉप्टरच्या फेऱ्या. तास लिहा, 'गरजेनुसार' लिहू नका. 'गरजेनुसार' म्हणजे शून्य असं धरलं जातं.
- विजेची गरज वॅटमध्ये, आणि अखंड लागते की खंडित चालेल.
- परतीच्या नमुन्यांचं तापमान. उणे २० आणि उणे ८० यांत खर्चाचा प्रचंड फरक आहे. शीतसाखळी तुटते ती अंटार्क्टिकात नाही, केपटाउनपासून तुमच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या गरम हवेत तुटते: बंदरावर थांबणं, सीमाशुल्क, सुट्टीचा दिवस. कोरडा बर्फ पुन्हा कुठे भरणार ते लिहा.

आणि पर्यावरण. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाच्या माद्रिद प्रोटोकॉल या करारानुसार प्रत्येक कामाचं पूर्वमूल्यांकन लागतं, परिणाम किरकोळ किंवा तात्पुरत्यापेक्षा जास्त असतील तर सर्वंकष अहवाल. विशेष संरक्षित क्षेत्रात पाय ठेवायला वेगळा परवाना. २०२२च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने हे आपल्याकडेही बंधनकारक झालं आहे.

---

आकडेमोड्या

मतदानाबद्दल लिहितो, कारण गडबड तिथे सगळ्यात जास्त होते आणि कोणाला दिसत नाही.

समजा ८०० प्रश्न आले. एकेक नीट वाचून गुण द्यायला एक मिनिट धरा. तेरा तासांहून जास्त. कोणी वाचत नाही. शंभर-दीडशेनंतर माणूस शीर्षक बघून गुण टाकायला लागतो, आणि यादी सगळ्यांना एकाच क्रमाने दिली असेल तर शेवटचे पाचशे प्रश्न फुकट मेले. म्हणून:

सगळ्यांना सगळे प्रश्न देऊ नका. ४० वाचक घ्या, प्रत्येकाला १०० द्या. ४००० वाचनं, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला पाच वाचक. त्या पाचांत किमान दोन त्या विषयाबाहेरचे असावेत. क्रम प्रत्येकाला वेगळा, यदृच्छ. पाठवणाऱ्याचं नाव आणि संस्था झाकलेली.

गुणांची सरळ सरासरी काढू नका. काही लोक दहापैकी चारच्या वर जात नाहीत, काही सातच्या खाली येत नाहीत. आधी प्रत्येक वाचकाचे गुण त्याच्याच सरासरीशी आणि ते किती विखुरलेत त्याच्याशी ताडून सारखे करा, मग मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा गुण, काढा.

आणि ज्या प्रश्नावर सगळे सहमत आहेत त्यावर चर्चेचा वेळ घालवू नका, वरचे सरळ आत, खालचे सरळ बाहेर. वेळ द्यायचा तो मतभेद सर्वात जास्त असलेल्या प्रश्नांना. दोन नऊ आणि तीन दोन मिळालेला प्रश्न एकतर फार पुढचा असतो किंवा फार वाईट लिहिलेला असतो. दोन्ही गोष्टी चर्चेतच कळतात.

---

हिमरेषा

भर घालते. ही पद्धत मुळात परिसंस्थाशास्त्रातून आली. केंब्रिजचे विल्यम सदरलँड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ब्रिटनच्या धोरणासाठी महत्त्वाचे १०० प्रश्न अशाच रीतीने निवडले, आणि २०११ साली पद्धत सविस्तर लिहून काढली. चांगला प्रश्न कसा ओळखायचा त्याच्या त्यांच्या कसोट्या अशा आहेत: तो प्रत्यक्ष करता येण्याजोग्या संशोधनाने सुटला पाहिजे, उत्तर वस्तुस्थितीचं हवं, आवडीनिवडीचं नाही, जागा आणि काळ यांचा आवाका ठरलेला हवा, उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'परिस्थितीवर अवलंबून' यात संपता कामा नये.

एकसारखे प्रश्न एकत्र करण्याचं काम दोघांनी स्वतंत्रपणे करावं, तिसऱ्याने निवाडा करावा. मूळ क्रमांक पुसायचे नाहीत. 'प्रश्न क्र. ४१, २०७ आणि ५३३ मिळून आता ब-१२ झाला' असा तक्ता उघड ठेवायचा. हे केलं नाही की 'आमचा प्रश्न कुठे गेला?' ही तक्रार सुरू होते, आणि पुढच्या वेळी तीच माणसं प्रश्न पाठवत नाहीत.

---

चुंबकसुई

या सगळ्या पद्धतीतल्या एका मोठ्या भोकाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. दीर्घकालीन नोंदी.

प्रश्नांच्या स्पर्धेत 'गेली चाळीस वर्षं मोजतोय तेच पुढे मोजत राहावं' हे कधीच जिंकत नाही. त्यात नवं काही नाही, मतदाराला कंटाळवाणं वाटतं. नव्या पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था सुरुवातीच्या मोहिमांपासून अंटार्क्टिकात चुंबकीय नोंदी घेते आहे. अशा नोंदींची किंमत एका वर्षाच्या आलेखात दिसत नाही. मध्ये दोन वर्षं खंड पडला की मात्र लगेच दिसते. उपकरण बदललं, खांब थोडा कलला, जवळ नवीन लोखंडी शेड उभी राहिली, की पायरेषा सरकते आणि जुने-नवे आकडे जोडताना महिनोन्महिने जातात.

ओझोनचं छिद्र घ्या. अंटार्क्टिकातला ब्रिटनचा हॅली तळ १९५६ साली भूभौतिकी वर्षाच्या तयारीत उभा राहिला आणि तिथे डॉबसन यंत्राने ओझोन मोजणं सुरू झालं. छिद्र दाखवून देणारा फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध १९८५चा. जवळजवळ तीस वर्षांच्या कंटाळवाण्या नोंदी. १९७५ साली मतदान घेतलं असतं तर ओझोन मोजणी यादीत कितवी आली असती?

म्हणून सूचना: निरीक्षणं मतदानाला ठेवूच नयेत. त्यांचा वेगळा कोटा आधी बाजूला काढावा, आणि तिथे प्रश्न एवढाच विचारावा की कुठली मालिका तुटली तर परत जोडता येणार नाही.

---

आकडेमोड्या

शंभर टक्के अनुमोदन. वेगळा कोटा हाच उपाय आहे, गुणांकनात 'वारसा' म्हणून जादा गुण देऊन हे साधत नाही. जादा गुण दिले की जो तो आपल्या प्रकल्पाला वारसा म्हणायला लागतो.

---

उत्तरायण

धागा दक्षिणेकडे कललाय, थोडं उत्तरेकडचं.

आर्क्टिकमध्ये हेच काम दर दहा वर्षांनी होतं, इकार्प (आर्क्टिक संशोधनाच्या आखणीची आंतरराष्ट्रीय परिषद) नावाने. पहिली परिषद १९९५, दुसरी २००५ कोपनहेगनला, तिसरी २०१५ जपानात तोयामाला, चौथीचा मुख्य मेळावा मार्च २०२५ मध्ये बोल्डरला झाला. चौथ्यात सात गट केले आहेत. त्यातला एक गट फक्त स्थानिक मूलनिवासींच्या सहभागाने आणि त्यांच्या नेतृत्वाखाली होणाऱ्या संशोधनाचा आहे. अंटार्क्टिकात मूळ रहिवासी नाहीत, त्यामुळे तिथली पद्धत इथे उचलून लावली तर चुकते. इनुइट किंवा सामी माणसाला 'तुमचा प्रश्न चाळीस शब्दांत लिहा' म्हणणं म्हणजे दार उघडून उंबरठा कंबरेएवढा करणं. तिथे फॉर्म नाही, वाड्या-वस्त्यांत जाऊन बैठका लागतात, त्यांच्या शिकारीच्या आणि रेनडिअरच्या हंगामाबाहेर, आणि त्या माणसांच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धरावे लागतात.

दुसरं, रशिया. फेब्रुवारी २०२२नंतर तिथल्या तळांवरून पश्चिमेकडे येणारी माहिती जवळजवळ थांबली. आर्क्टिक किनाऱ्याचा निम्मा भाग त्यांचा. २०२४च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की रशियातले तळ वगळले तर उरलेल्या तळांवरून काढलेलं आर्क्टिकचं चित्र एकांगी होतं. अग्रक्रमांच्या यादीत सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीचा प्रश्न वर असेल आणि तिथे कोणाला जाताच येत नसेल, तर यादीत 'आत्ता शक्य' असा रकाना लागतोच.

हिमाद्री या आर्क्टिकमधल्या आपल्या तळावर जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. तो जिथे आहे त्या नॉर्वेच्या न्यू-ओलेसुंडला भूमापनाच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, म्हणून २० किमी त्रिज्येत २ ते ३२ गिगाहर्ट्झ पट्ट्यात प्रक्षेपणाला बंदी आहे. वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही. हल्लीची बरीचशी नोंदयंत्रं (लॉगर) ब्लूटूथवरच चालतात! खरेदीच्या आधी बघा, तारेने माहिती उतरवता येते का. शिवाय तिथे वातावरण, हिमनद्या, जमिनीवरच्या परिसंस्था आणि तिथली काँग्सफ्योर्ड ही खाडी असे चार एकत्रित कार्यक्रम आधीच ठरलेले आहेत. नवा अग्रक्रम काढण्यापेक्षा त्यांतल्या एकात आपली फट शोधणं सोपं. २०१४ साली काँग्सफ्योर्डमध्ये सोडलेलं आपलं इंडआर्क हे पाण्याखालचं निरीक्षणयंत्र अशाच फटीत बसतं.

---

नवशिकी

आमच्यासारख्या छोट्या महाविद्यालयातल्या एम.एस्सी.च्या मुलांनी यात पडावं का? की हे मोठ्या संस्थांचंच काम?

---

हिमरेषा

पडावं. २००७-०८च्या वर्षासाठी जगभरातून हजारावर प्रस्तावकल्पना आल्या होत्या, त्यातून २२८ प्रकल्प मान्य झाले आणि मधाच्या पोळ्यासारख्या एका तक्त्यात मांडले गेले. त्याच सुमाराला तरुण ध्रुवीय संशोधकांची एपेक्स ही संघटना उभी राहिली आणि आज स्कार आणि आयएएससी दोघांच्या बैठकांत तिचे प्रतिनिधी असतात. तिथे सदस्य व्हायला फी नाही.

पण आपल्या खोलीतली अडचण वेगळी आहे. 'सर बोलले की विषय संपला.' त्यावर उपाय करावा लागतो, आपोआप होत नाही. चर्चेआधी दहा मिनिटं सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं. वाचन सगळ्यात कनिष्ठापासून सुरू. गटाचा अध्यक्ष त्या विषयाचा नको, बाहेरचा हवा. गट बारा-पंधराचा, त्याहून मोठा झाला की चौघेच बोलतात. आणि टिपणं घेणाऱ्याला मत नाही.

आता प्रश्न घडतो कसा ते एका उदाहरणावर दाखवते. शिर्माकर ओअॅसिसमध्ये शंभरावर तलाव आहेत. पहिला खर्डा नेहमी असा असतो:

'शिर्माकर ओअॅसिसमधील तलावांचा सविस्तर अभ्यास करणे.'

हा प्रश्नच नाही, कामाची यादी आहे. दुसरा खर्डा: 'हवामानबदलाचा तलावांवर काय परिणाम होतो?' हा प्रश्न आहे, पण उत्तर 'अवलंबून आहे' असं येणार. कुठले तलाव, कशावरचा परिणाम, किती काळात? तिसरा:

'पूर्व अंटार्क्टिकातल्या ओअॅसिसमधील गोड्या पाण्याच्या तलावांवर बर्फाचं झाकण वर्षातून किती दिवस राहतं यावर तळाच्या सूक्ष्मजीव-थरांची वाढ किती अवलंबून आहे, आणि झाकणाचा काळ किती घटला की हा संबंध उलटतो?'

काय बदललं बघा. 'शिर्माकर' जाऊन 'पूर्व अंटार्क्टिका' आलं, त्यामुळे लार्समन आणि वेस्टफोल्ड टेकड्यांत काम करणारे लोक याला आपला प्रश्न म्हणतील. आपल्या तळाचं नाव प्रश्नात घालणं म्हणजे बाकीच्यांची मतं हातानं घालवणं. 'परिणाम'ऐवजी मोजता येणाऱ्या दोन गोष्टी आल्या: दिवस आणि वाढ. आणि 'उलटतो' या शब्दाने प्रश्नाला धार आली.

---

सडेकर

आणि लगेच रसदीचं भाषांतर: बर्फाखाली उजेड मोजणारे संवेदक आणि तापमानाची साखळी, वर्षभर. माणूस हिवाळ्यात लागत नाही, लागला तरी मैत्रीवरचा कोणीही बघून येऊ शकतो. बिघडतं काय? बर्फ धरताना आणि सुटताना केबल ओढली जाते आणि नेमकी बर्फ-पाण्याच्या सीमेवर तुटते. केबलला तिथे ढिलाई आणि बाहेरून जाड नळी हवी. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या कडाक्यात बसतात, लिथियम-थायोनिल क्लोराइडच्या टिकतात, पण त्या धोकादायक मालात मोजतात, म्हणजे वरच्या यादीत परत जा. एकाच तलावात एकच साखळी सोडू नका. दोन सोडा, एक परत मिळेल असं धरा.

---

शंकेखोर

बरं, मी प्रयत्न करतो. बंक नाही, हेलिकॉप्टर नाही, फक्त संगणक आहे असं धरून:

'दक्षिण महासागरातल्या समुद्रबर्फाचा आपल्या मान्सूनवर परिणाम होतो का?'

---

आकडेमोड्या

'होतो का' काढा. हो-नाहीवर संपतंय. आणि 'दक्षिण महासागर' फार मोठा, अंटार्क्टिकाभोवतीचं अख्खं कडं आलं त्यात. हिंदी महासागराच्या दक्षिणेचा पट्टा घ्या. महिनेही हवेत. उपग्रहाच्या नोंदी १९७८च्या अखेरीपासून जवळजवळ अखंड आहेत, समुद्रबर्फाची २०१६ आणि २०२३ची घसरण त्यात आलीच, म्हणजे आवाका पुरतो.

---

उत्तरायण

मधला दुवा दाखवा, नाहीतर नुसता सहसंबंध निघेल आणि चाळणीत 'योगायोग' म्हणून उडवतील. दक्षिण हिंदी महासागरावरचा मस्कारेनचा उच्चदाब घ्या, मान्सूनचे वारे तिथूनच ढकलले जातात. आणि एल निनोची वर्षं वेगळी काढणार हे प्रश्नाखालच्या टिपेत लिहा, कारण पहिला आक्षेप तोच येणार.

---

शंकेखोर

'हिंदी महासागराच्या दक्षिणेकडील समुद्रबर्फाच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या व्याप्तीतला फरक मस्कारेन उच्चदाबाच्या जागेत आणि तीव्रतेत किती बदल घडवतो, आणि त्यातला किती हिस्सा जूनमधल्या कोकण किनाऱ्यावरच्या पावसात ओळखता येतो?'

---

हिमरेषा

'कोकण' काढून 'भारताचा पश्चिम किनारा' करा. केरळ आणि कर्नाटकची मतं येतील. बाकी पाठवून द्या.